याकोबाचे पत्र: कडबा, तेल आणि मजुरी

वाचक विचारतात

नव्या करारातले एखादे छोटे पत्र घ्यावे आणि कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लूथरन, रिफॉर्म्ड, मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल हे सगळे ते कसे वाचतात ते ताडून पाहावे, असे या सदरात सुचवले होते. त्यावर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून प्रश्न आले. गंमत म्हणजे बहुतेकांनी एकच पत्र धरले, याकोबाचे. पाच अध्याय, १०८ ओव्या. त्यांपैकी सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

आमच्या गल्लीत सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कॅथलिक, मेथडिस्ट आणि पेंटेकॉस्टल अशी घरे शेजारी शेजारी आहेत. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, दर शुक्रवारी एकत्र बसून याकोबाचे पत्र वाचायचा विचार आहे. मागे रोमकरांस पत्र घेतले होते, तेव्हा दुसऱ्याच बैठकीत वाद होऊन गट मोडला. या वेळी काय करावे?
– रेल्वे लाईन्स, सोलापूर

आधी वार बदला. लेंटमधल्या शुक्रवारी कॅथलिक घरांतली माणसे क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला जातात. शुक्रवार धरलात तर एक परंपरा पहिल्याच दिवशी गैरहजर. बुधवार किंवा शनिवार संध्याकाळ बरी. माणसे आठ ते बारा, वेळ दीड तास, बैठका पाच.

पहिल्या बैठकीत चर्चा नको, फक्त वाचन. १०८ ओव्या मोठ्याने वाचायला वीसेक मिनिटे लागतात. दोन वेगवेगळ्या लोकांनी, दोन वेगवेगळ्या भाषांतरांतून वाचा. एक प्रत बायबल सोसायटीची, दुसरी कॅथलिक घरातली किंवा पंडिता रमाबाईंच्या भाषांतराची. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले हे काम त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, पूर्ण छापून आले. ऐकणाऱ्यांनी एवढेच टिपायचे की आज्ञार्थी वाक्ये किती आली. पन्नासच्या वर निघतील. मग कोणाला सांगावे लागत नाही की हे सिद्धान्ताचे पत्र नाही, घर आणि मंडळी चालवणाऱ्या माणसाचे पत्र आहे. येशूचे नाव मात्र अख्ख्या पत्रात दोनदाच येते, १:१ आणि २:१ मध्ये. हेही पहिल्याच दिवशी लक्षात आलेले बरे, कारण पुढच्या भांडणांपैकी निम्मी त्यातून निघतात.

दुसरी बैठक २:१-१३. तिसरी २:१४-२६. चौथी जीभ आणि कलह, म्हणजे अध्याय ३ आणि ४. पाचवी अध्याय ५. पहिला अध्याय वेगळा घेऊ नका. त्यातले धागे पुढे सगळीकडे येतात, तेव्हा मागे जाऊन वाचावे.

तुमचा मागचा गट का मोडला असावा याचा अंदाज करता येतो. विश्वास आणि कर्मे हा वाद पहिल्या दिवशी टेबलावर आला की उरलेले दिवस त्याचेच. म्हणून २:१४ ला तिसऱ्या बैठकीच्या आधी हात लावू नका. दुसऱ्या बैठकीतला उतारा कोणत्याही एका चर्चला सोडत नाही, त्यामुळे तिथे सगळे एका बाजूला येतात. सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला की त्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला ‘तिथे उभा राहा, नाहीतर माझ्या पायांपाशी बस’. तुमच्या आपापल्या चर्चमध्ये पुढच्या खुर्च्या कोणासाठी राखून ठेवलेल्या असतात आणि सतरंजीवर कोण बसते, एवढे प्रत्येकाने प्रामाणिकपणे सांगितले तरी दीड तास पुरत नाही. भारतातल्या दलित ईश्वरविज्ञानाचा पाया १९८० च्या दशकात अरविंद निर्मल यांनी घातला. त्या नजरेने वाचणाऱ्याला याकोबाचे मर्म २:१४ पेक्षा २:३ मध्ये दिसले तर नवल नाही. आमचेही मत त्याच बाजूला झुकते.

वहीचे पान आडवे धरून चार उभे रकाने पाडा. पहिल्यात ओवी, दुसऱ्यात ज्या शब्दावर मतभेद अडतो तो शब्द, तिसऱ्यात परंपरा, चौथ्यात ती परंपरा कशाच्या आधारे बोलते ते. नमुन्यादाखल ५:१४ ची (आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे) एक ओळ अशी: ‘मंडळीचे वडील’; कॅथलिक; दीक्षित धर्मगुरू, कारण ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने १५५१ साली तसा निर्णय दिला. तिच्याखाली: तोच शब्द, काँग्रिगेशनल, मंडळीने निवडलेले वडील, कारण प्रेषितांच्या पुस्तकातही मंडळीगणिक वडील आहेत. चौथा रकाना रिकामा राहिला तर समजावे की ते परंपरेचे मत नसून बोलणाऱ्याचे स्वतःचे आहे. तेही लिहावे, पण तसे नाव देऊन.

एक नियम कडक ठेवा: दुसऱ्याच्या चर्चबद्दल बोलायचे नाही. ‘तुमच्यात तर मरियमेची पूजा करतात’ किंवा ‘तुमच्यात नुसता आरडाओरडा’ असे वाक्य आले की बैठक संपली. प्रत्येकाने फक्त आपली बाजू मांडावी, आणि ती मांडून झाल्यावर शेजारच्याने ती आपल्या शब्दांत परत सांगावी. मूळ बोलणारा ‘हो, असंच’ म्हणाला की पुढे जायचे. याने वेळ जातो, पण गट टिकतो.

आणि सीएनआयच्या सभासदांनी आपण नेमके कोण हे घरी पाहून यावे. सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झाली ती सहा निरनिराळ्या मंडळ्यांच्या ऐक्यातून. त्यांत अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, ब्रदरन होते. सोलापुरातल्या जुन्या मंडळीचे मूळ अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे काँग्रिगेशनल. त्यामुळे सीएनआयची दोन माणसे एका ओवीवर दोन मते देऊ शकतात आणि दोघेही आपल्या वारशाला धरूनच बोलत असतात.

मार्टिन लूथर याकोबाच्या पत्राला ‘पेंढ्याचे पत्र’ म्हणाला, हे खरे का? मग आमच्या प्रोटेस्टंट बायबलात ते कसे राहिले? आणि रोमकर ३:२८ व याकोब २:२४ एकमेकांना सरळ खोडत नाहीत का?
– विजापूर रोड, सोलापूर

म्हणाला, आणि छापूनही आले. १५२२ साली निघालेल्या त्याच्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत ते वाक्य आहे. योहान, रोमकर, गलतीकर, पेत्राचे पहिले पत्र यांच्या शेजारी ठेवले तर याकोबाचे पत्र पेंढ्याचे वाटते, असा त्याचा रोख. ‘लाकूड, गवत, पेंढा’ हे शब्द करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातले, तिथली ही उपमा. (मंगळवेढ्याच्या ज्वारी पिकवणाऱ्याला विचाराल तर दुष्काळात कडब्याचा भाव ऐकून हा शब्द शिवीसारखा वाटणार नाही. ते असो.) पुढच्या आवृत्त्यांतून ते वाक्य गेले. शिवाय याच पत्राच्या स्वतंत्र प्रस्तावनेत तो म्हणतो की मी या पत्राची वाखाणणी करतो, ते देवाचे नियमशास्त्र जोरकसपणे मांडते. हे अर्धे वाक्य सहसा कोणी सांगत नाही.

त्याने पत्र काढून टाकले नाही. इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण ही चार पुस्तके शेवटी नेऊन ठेवली आणि अनुक्रमणिकेत त्यांना क्रमांक दिला नाही. जागेवरून परंपरा ओळखता येते. रशियन बायबल उघडाल तर प्रेषितांची कृत्ये संपली की लगेच याकोब, पौल त्याच्यानंतर. आपल्या मराठी प्रतीत तो इब्री लोकांस पत्रानंतर. आणि शंका लूथरनेच पहिल्यांदा काढली असेही नाही. चौथ्या शतकात चर्चचा इतिहासकार युसेबियसने हे पत्र ‘काही जणांना मान्य नसलेल्या’ पुस्तकांत घातले होते. ३६७ साली अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियसने दिलेल्या २७ पुस्तकांच्या यादीत मात्र ते आहे.

आता खोडाखोडीचे. नुसत्या शब्दांवर गेलात तर ती आहे: पौल म्हणतो, माणूस कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो; याकोब म्हणतो, क्रियांनी ठरतो, केवळ विश्वासाने नव्हे. रोमकर ३:२८ भाषांतरित करताना लूथरने ‘केवळ’ हा मूळ ग्रीकमध्ये नसलेला शब्द घातला: केवळ विश्वासाने. आणि ‘केवळ विश्वासाने’ हा शब्दप्रयोग मूळ नव्या करारात एकाच जागी सापडतो, याकोब २:२४ मध्ये, तोही ‘नव्हे’ जोडून. हा पेच कोणत्याही परंपरेला टाळता आलेला नाही.

कसे सोडवतात पाहा. ट्रेंटच्या परिषदेने १३ जानेवारी १५४७ च्या ठरावात याकोब २:२४ वापरले, पण कुठे? मिळालेले नीतिमत्त्व पुढे वाढते, त्या प्रकरणात. म्हणजे कॅथलिक वाचनात याकोब वाढीबद्दल बोलतो, आरंभाबद्दल नाही. रिफॉर्म्ड परंपरेचा कॅल्व्हिन म्हणतो, दोघे ‘नीतिमान ठरणे’ हा शब्दच दोन अर्थांनी वापरतात: पौलाला देवापुढचा निवाडा म्हणायचा आहे, याकोबाला माणसांपुढचा पुरावा. मेथडिस्टांच्या वेस्लीने अब्राहामाची दोन वये पुढे केली. पौल बोलतो ते उत्पत्ति १५ बद्दल, इसहाक जन्मायच्या आधीचे. याकोब बोलतो ते उत्पत्ति २२ बद्दल, त्याच इसहाकाला वेदीवर ठेवले तेव्हाचे. मधे बरीच वर्षे गेली. ऑर्थोडॉक्स परंपरेत हा वाद या रूपात पेटलाच नाही. देवाची कृपा आणि माणसाचा होकार बरोबर चालतात, असे ते पहिल्यापासून म्हणत आले.

आम्हाला कॅल्व्हिनचे उत्तर थोडे ताणलेले वाटते. २:१४ मधला प्रश्न ‘असा विश्वास त्याला तारू शकतो का?’ असा आहे. ‘लोकांना दिसतो का?’ असा नाही. वेस्लीचे उत्तर मजकुराला जास्त चिकटून आहे. पण खरी किल्ली २:१९ मध्ये आहे. देव एकच आहे असे भुतेही मानतात आणि थरथर कापतात. याकोब ज्या ‘विश्वासा’वर तुटून पडतो तो हा, नुसते मानणे. पौल गलतीकर ५:६ मध्ये ज्या विश्वासाबद्दल बोलतो तो प्रीतीने कार्य करणारा. अभ्यासगटात २:१४-२६ वाचताना प्रत्येक ‘विश्वास’ या शब्दाच्या जागी एकदा ‘देव आहे हे मान्य असणे’ असे म्हणून बघा. कोणत्या ओवीत ते बसते आणि कोणत्या ओवीत अडते, हे कानालाच कळते. २:२२ मध्ये अडेल, आणि तिथेच थांबून बोलावे.

मराठी वाचकासाठी एक खास अडचण आहे. आपल्या प्रचलित बायबलात रोमकरांत ‘कर्मे’ आहेत आणि याकोबात ‘क्रिया’. मूळ ग्रीक शब्द दोन्हीकडे एकच. भाषांतरकारांनी शब्द वेगळे केल्याने आपल्याला विरोध सौम्य वाटतो आणि इंग्रजी प्रत वाचणाऱ्याला तो अंगावर येतो. उलट ‘कर्म’ म्हटले की मराठी कानाला पूर्वजन्म, प्रारब्ध असे भलतेच ऐकू येते, जे पौलाच्या मनात नव्हते. पौलाचा रोख बहुधा सुंता आणि तत्सम नियमशास्त्राच्या कृत्यांवर आहे. याकोबाचा रोख उघड्या माणसाला कपडा आणि उपाश्याला अन्न न देता ‘सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा’ म्हणणाऱ्यावर.

लूथरन आणि कॅथलिक चर्चने ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गमध्ये या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. तारण कृपेनेच, आपल्या पुण्याईने नाही, आणि तोच आत्मा सत्कृत्यांसाठी सज्ज करतो, असा तिचा गाभा. मेथडिस्ट २००६ साली त्यात आले, रिफॉर्म्ड मंडळ्यांचा जागतिक संघ २०१७ साली. तेव्हा गल्लीतल्या भांडणात १५४७ ची वाक्ये फेकणाऱ्याला ही तारीख सांगायला हरकत नाही.

सासूबाईंना मधुमेह आणि रक्तदाब आहे. त्यांच्या प्रार्थनागटातले लोक म्हणतात, याकोब ५:१४ प्रमाणे तेल लावून प्रार्थना झाली की गोळ्या घेणे म्हणजे अविश्वास. आमचे पाळक म्हणतात की तेल त्या काळापुरते होते. शेजारच्या कॅथलिक बाई म्हणतात, हा तर आमचा संस्कार आहे. कोणाचे खरे?
– होटगी रोड, सोलापूर

गोळ्या बंद करू नका. ५:१४-१५ मध्ये औषध सोडण्याबद्दल अक्षर नाही. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर काय होते हे डॉक्टरांना विचारा. त्याचा विश्वासाशी संबंध नाही.

आता ओवी जवळून बघू. आजाऱ्याने बोलावायचे. बोलवायचे ते मंडळीच्या वडिलांना, अनेकवचनात, एका चमत्कारी माणसाला नव्हे. त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करायची. आणि ‘विश्वासाची प्रार्थना’ कोणाची? वाक्याच्या ओघात प्रार्थना करणारे वडील आहेत, म्हणून विश्वासही त्यांचाच. आजार हटला नाही की ‘तुमचाच विश्वास कमी पडला’ असे रुग्णाला सांगणारे लोक ओवी उलटी धरतात. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते. आधीच दुखण्याने खचलेल्या माणसावर दोषाचे ओझे पडते.

तेल लावण्यासाठी जो ग्रीक शब्द आहे तो अंगाला तेल चोळण्याचा रोजचा शब्द, राजाच्या अभिषेकाचा नव्हे. त्या काळी तेल औषधही होते. चांगल्या शोमरोन्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला तो याचसाठी. म्हणून काही जण या ओवीत ‘औषधही घ्या, प्रार्थनाही करा’ असेच वाचतात. मार्क ६:१३ मध्ये मात्र बारा शिष्य तेल लावून बरे करतात, तिथे तेल खूण आहे. दोन्ही बाजूंना आधार आहे.

तुमच्या पाळकांचे म्हणणे कॅल्व्हिनचे आहे: बरे करण्याचे दान प्रेषितांच्या काळापुरते होते, ते गेले, मग खूण ठेवून काय उपयोग? लूथर १५२० मध्येच याहून तिखट बोलला. कोणत्याही प्रेषिताला आपल्या अधिकारात संस्कार स्थापता येत नाही, आणि याकोब तर बरे होण्याबद्दल बोलतो, तुम्ही मरणाऱ्यालाच तेल का लावता? पेंढ्याचे वाक्य त्यानंतर दोन वर्षांनी आले, हे लक्षात घेतले तर या पत्रावरचा त्याचा राग नुसत्या २:२४ चा नव्हता असे दिसते. अँग्लिकनांनी १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात तेल ठेवले आणि १५५२ च्या पुस्तकातून काढले.

ट्रेंटने २५ नोव्हेंबर १५५१ ला उत्तर दिले: हा संस्कार ख्रिस्तानेच स्थापला, याकोबाने तो जाहीर केला, आणि ‘वडील’ म्हणजे वयाने मोठे नव्हेत, बिशपने दीक्षा दिलेले धर्मगुरू. लूथरचा दुसरा आक्षेप मात्र चारशे वर्षांनी जवळजवळ मान्य झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सांगितले की हा संस्कार फक्त मरणाच्या दारातल्यांसाठी नाही. १९७२ साली विधी नव्याने बांधला गेला: कपाळ आणि हात यांना तेल, ऑलिव्हचे, ते न मिळाल्यास दुसरे वनस्पतितेल. धर्मगुरू म्हणतो त्या शब्दांत प्रभूने ‘तारावे’ आणि ‘उठवावे’ ही दोन क्रियापदे येतात, ती सरळ याकोब ५:१५ मधली. ‘तारणे’ या ग्रीक शब्दात आजारातून वाचणे आणि पापातून वाचणे दोन्ही आहे, ‘उठवणे’ यात अंथरुणातून उठणे आणि पुनरुत्थान दोन्ही. कॅथलिक विधीने दोन्ही अर्थ मोकळे ठेवले. पेंटेकॉस्टल उपदेशक बहुधा पहिलाच अर्थ धरतात, आणि तिथून गोळ्या बंद करण्यापर्यंत गाडी घसरते. सगळ्यांची नव्हे. बरेच पेंटेकॉस्टल पास्टर तेल लावून स्वतःच दवाखान्यात घेऊन जातात.

ऑर्थोडॉक्स विधी सगळ्यांत सविस्तर आहे. शक्य असेल तर सात धर्मगुरू, पत्रांतील सात वाचने, शुभवर्तमानांतील सात, सात प्रार्थना, सात वेळा तेल. पहिले वाचन याकोब ५:१०-१६.

शेजारच्या बाईंना सांगून त्यांच्या बायबलातले बेनसिराचे पुस्तक काढा, अध्याय ३८. वैद्याचा मान राख, त्यालाही देवानेच निर्माण केले, औषधे जमिनीतून देवानेच उगवली, शहाणा माणूस ती नाकारत नाही, असे तिथे आहे. प्रोटेस्टंट प्रतीत हे पुस्तक नसते, पण वाचायला कोणी अडवत नाही. सासूबाईंच्या गटालाही ते वाचून दाखवा. मग पाळकांना आणि दोन वडिलांना घरी बोलवा, प्रार्थना करून घ्या, आणि रात्रीची गोळी वेळेवर द्या.

याकोब हा ‘प्रभूचा भाऊ’. म्हणजे सख्खा भाऊ?
– बार्शी

यावर तीन मते आहेत आणि मराठीत तिन्हींना शब्द तयार आहेत. प्रोटेस्टंट बहुधा सख्खा धाकटा भाऊ मानतात, मरियम आणि योसेफ यांचा पुढे झालेला मुलगा. ऑर्थोडॉक्स सावत्र मानतात, योसेफाच्या आधीच्या लग्नाचा. कॅथलिक मावसभाऊ किंवा चुलतभाऊ मानतात. हे मत चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने मांडले. शेवटच्या दोन मतांमागे मरियम आयुष्यभर कुमारी राहिली ही श्रद्धा आहे. आपल्याकडे मावसभावालाही ‘माझा भाऊ’ म्हणूनच ओळख करून देतात, त्यामुळे जेरोमची बाजू मराठी माणसाला लवकर पटते. अर्थात ग्रीकमध्ये चुलत-मावस भावासाठी वेगळा शब्द होता, आणि तो इथे वापरलेला नाही. पत्राचा लेखक स्वतःला भाऊ म्हणत नाही, दास म्हणतो. परंपरेने ज्याला लेखक मानले तो यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख याकोब ६२ च्या सुमारास दगडमार करून मारला गेला, असे यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो.

माझे यंत्रमागाचे छोटे युनिट आहे. रविवारी उपासनेत ५:१-६ वाचले आणि सगळे माझ्याकडे बघताहेत असे वाटले. ‘धनवानांनो, रडा’ हे मंडळीतल्या धनवानांना आहे की बाहेरच्यांना?
– अक्कलकोट रोड, सोलापूर

कॅल्व्हिनच्या मते हा पश्चात्तापाचा उपदेशच नाही. निवाडा जाहीर केला आहे, आणि तो गरिबांना धीर यावा म्हणून. ५:७ मध्ये ‘बंधूंनो, धीर धरा’ असा सूर पालटतो, त्यावरून हे वाचन जमते. म्हणजे धनवान बाहेरचे. पण २:२ मधला अंगठीवाला सभेतच येऊन बसला आहे, आणि ४:१३ मधले ‘अमुक शहरी जाऊन वर्षभर व्यापार करू’ म्हणणारे मंडळीतलेच वाटतात. तेव्हा आपण बाहेरचे ठरलो म्हणून सुटलो, असे कोणी समजू नये.

आरोप मात्र नेमका वाचा. चौथ्या ओवीत श्रीमंती हा गुन्हा नाही. शेते कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. मागे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातले २४:१४-१५ आहे: मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर असतो. कॅथलिक परंपरेत मजुरी बुडवणे हे ‘स्वर्गाकडे आक्रोश करणाऱ्या’ पापांत मोजतात. तेरावे लिओ पोप यांनी १८९१ च्या कामगारविषयक परिपत्रकात हीच ओवी घेतली. लॅटिन अमेरिकेतल्या मुक्तीच्या ईश्वरविज्ञानाने हा उतारा पत्राच्या मध्यभागी आणून ठेवला. समृद्धीचा उपदेश करणारे याच्यावरून उडी मारून पुढच्या पावसाच्या ओवीवर जातात.

आपल्या जिल्ह्यात ही ओवी तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लागते. ऊसतोडीत उचल आधी मिळते आणि कोयता, म्हणजे नवरा-बायको, हंगामभर ती फेडत राहतो. तिथे मजुरी अडवलेली दिसत नाही, पण शेवटचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. बिडीत दर हजाराला ठरतो आणि काही बिड्या छाट म्हणून बाजूला पडतात. त्या छाटीचे पैसे कोण सोसते, हा प्रश्न. मागावर आठवड्याचा पगार पुढे ढकलला जातो, सूत महाग झाले किंवा व्यापाऱ्याचे बिल अडकले म्हणून. कारण खरे असू शकते. पण ओवी कारण विचारत नाही, तारीख विचारते. तुमचा पगाराचा वार ठरलेला असेल आणि तो पाळला जात असेल, कापलेल्या पैशाचा हिशेब कामगाराला कागदावर दिसत असेल, तर चौथी ओवी तुम्हाला लागू नाही. पाचवी, ऐषआरामाची, मात्र तुमची तुम्हीच वाचायची.

मला कोर्टात साक्ष द्यायची आहे. याकोब ५:१२ म्हणते, शपथ वाहू नका. बायबलवर हात ठेवायला नकार दिला तर चालेल का?
– पंढरपूर

चालेल, आणि नकाराचे नाट्य करण्याची गरज नाही. शपथ अधिनियम, १९६९ च्या कलम ५ प्रमाणे साक्षीदाराला शपथेऐवजी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. तुमची वेळ येईल तेव्हा आधीच सांगा, ‘मी प्रतिज्ञा घेईन.’ खोटे बोलल्याची जबाबदारी दोन्हींत सारखीच.

शपथ अजिबात नको म्हणणारे मुख्यतः अॅनाबाप्टिस्ट, म्हणजे मेनोनाइट वगैरे, आणि क्वेकर. अॅनाबाप्टिस्टांच्या १५२७ च्या श्लाइटहाइम कबुलीच्या सात कलमांत शेवटचे कलम शपथेबद्दलच आहे. अँग्लिकनांच्या एकोणचाळीस कलमांतले शेवटचे कलम याकोबाचे नाव घेऊन सांगते की उथळ, उतावळी शपथ मना आहे, पण न्यायाधीशाने मागितलेली सत्याची शपथ मना नाही. कॅथलिक आणि रिफॉर्म्डही तसेच मानतात. कॅल्व्हिनच्या मते याकोबाचा रोख देवाचे नाव टाळून आकाशाची, पृथ्वीची शपथ वाहणाऱ्यांवर होता, ज्यांना वाटे की अशी शपथ मोडली तरी चालते.

तुम्ही शपथ घेतलीत तरी तुमच्या परंपरेशी फारकत होणार नाही, फक्त मेनोनाइट किंवा क्वेकर असाल तर होईल. पिंजऱ्यातून उतरल्यावर दिवसभरात ‘आईशप्पथ’ किती वेळा तोंडात येते ते मात्र मोजा, कारण ५:१२ त्याच बोलण्याबद्दल आहे.